पीएसए नॉर्मल, तरी प्रोस्टेटमध्ये कॅन्सर? प्रोस्टेटच्या लिम्फोमाबद्दल साध्या भाषेत

असे रिपोर्ट फार क्वचित निघतात, पण निघतात तेव्हा काउंटरवर प्रश्न ठरलेला असतो. "दादा, वडिलांचा पीएसए, ती प्रोस्टेटची रक्ताची टेस्ट, तर दोनच्या आत होती, सोनोग्राफीवाले म्हणाले वयामुळे प्रोस्टेट वाढलंय, मग हे लिम्फोमा काय लिहिलंय? सॅम्पल बदललं तर नाही ना?" मी नाशिकमध्ये एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली जे लिहिलंय त्यावरून कुणी स्वतःच औषध चालू-बंद करायला जाऊ नये. पण बायोप्सीचा तुकडा बाटलीतून आला की त्याचं पुढं काय काय होतं, कोणता रिपोर्ट का थांबतो, नातेवाईक कुठं घाबरतात आणि कुठं घाई करतात हे रोज बघतो, त्यामुळे जे समजलंय ते सोप्या भाषेत लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. प्रोस्टेटमध्ये सापडलेला प्रत्येक कॅन्सर हा प्रोस्टेटचा कॅन्सर नसतो. गाठ कुठं आहे यापेक्षा ती कोणत्या पेशींची आहे यावर सगळी ट्रीटमेंट ठरते, डॉक्टर कोण तेसुद्धा त्यावरच ठरतं.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली ग्रंथी, तरुणपणी वीस-पंचवीस ग्रॅमची, वय वाढलं की तीही वाढत जाते. नेहमीचा प्रोस्टेट कॅन्सर, ज्याला ॲडिनोकार्सिनोमा म्हणतात, तो या ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींतून होतो. लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. या पेशी मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या लिम्फ नोडमध्ये, प्लीहेत, रक्तात असतात हे खरं, पण त्या एका जागी बसून राहणाऱ्या नाहीत, अंगभर फिरत असतात, जठर, थायरॉइड, कातडी, वृषण, मेंदू, कुठेही थांबतात. त्यातली एखादी बिघडून जिथं वाढायला लागेल तिथं लिम्फोमा. प्रोस्टेटमध्येही थोड्या लिम्फोसाइट असतातच, आणि जुनी सूज असेल तर बऱ्याच असतात. तरी तिथं लिम्फोमा होणं इतकं दुर्मिळ आहे की प्रोस्टेटच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा साधारण ०.१ टक्का, किंवा त्याहूनही कमी. एखाद्या युरोलॉजिस्टच्या पूर्ण प्रॅक्टिसमध्ये एखाद-दुसरी केस येईल, कदाचित येणारही नाही. म्हणून पहिल्याच भेटीत कुणाच्या मनात लिम्फोमा आला नाही तर त्यात डॉक्टरचा हलगर्जीपणा शोधत बसू नये असं माझं मत आहे.

बहुतेक पेशंट साठीच्या आसपासचे किंवा पुढचे, म्हणजे नेमक्या त्याच वयाचे ज्या वयात प्रोस्टेट सगळ्यांचंच वाढतं. आणि त्रासही अगदी तसाच. रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, धार बारीक झाली, जोर करावा लागतो, लघवी झाल्यावरही झाली असं वाटत नाही, कधी लघवीतून रक्त, कधी लघवी एकदम तुंबते आणि मध्यरात्री सिव्हिलला नेऊन कॅथेटर घालावा लागतो. यातलं एकही लक्षण फक्त लिम्फोमाचं नाही. ताप, रात्री कपडे भिजतील एवढा घाम, वजन उतरणं ही लिम्फोमाची म्हणून जी लक्षणं सांगतात ती प्रोस्टेटपुरत्या लिम्फोमात बऱ्याचदा नसतातच. मग शंका कधी यावी? सगळं फार भराभर वाढत असेल तर. साधं प्रोस्टेट वर्षानुवर्षं हळूहळू त्रास देत जातं, इथं काही आठवड्यांत किंवा दोन-चार महिन्यांत माणूस लघवी मोकळी करणाऱ्या टॅमसुलोसिनच्या गोळीपासून कॅथेटरपर्यंत येतो, गोळ्यांचा काही फरक पडत नाही, आणि बोटाने तपासल्यावर प्रोस्टेट मोठं आणि घट्ट लागतं पण पीएसए मात्र शांत. ही जोडी विचित्र आहे. तरुण माणसाला असं झालं तर जास्तच, कारण तिशीतल्या माणसाचं प्रोस्टेट वयामुळे वाढलंय असं कुणी म्हणू शकत नाही.

आता पीएसएचं. पीएसए हे प्रोस्टेटच्या स्वतःच्या पेशी बनवतात ते प्रोटीन. नेहमीच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी मूळच्या प्रोस्टेटच्याच, म्हणून तिथं तो बहुतेक वेळा चढतो. लिम्फोसाइट पीएसए बनवतच नाही, त्यामुळे पूर्ण ग्रंथी लिम्फोमाने भरली तरी पीएसए नॉर्मल किंवा थोडासाच वाढलेला असू शकतो, आणि जो थोडा वाढतो तो आजूबाजूच्या मूळ पेशी दबल्या, सुजल्या म्हणून. म्हणजे "पीएसए ४ च्या आत म्हणजे कॅन्सर नाही" हे गणित इथं लागूच होत नाही. त्यात अजून एक गोंधळ, प्रोस्टेट आकसवणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सहा महिने वगैरे चालू असेल तर पीएसए जवळपास निम्म्यावर येतो, आणि उलट लघवीचं इन्फेक्शन झालं किंवा नुकताच कॅथेटर घातला असेल तर तो उगाच वर जातो. गोळ्यांची पट्टी सोबत घेऊन जा, डॉक्टरला दाखवा. "एक लाल-पांढरी गोळी चालू आहे" एवढ्यावर काही कळत नाही हो.

सोनोग्राफीत बऱ्याचदा फक्त मोठं प्रोस्टेट दिसतं. एमआरआय जास्त सांगतो, लिम्फोमा असेल तर ग्रंथीचा मोठा भाग एकसारखा भरलेला दिसतो, पण तरी एमआरआय बघून कुणी छातीठोकपणे लिम्फोमा म्हणू शकत नाही, नेहमीचा कॅन्सर आणि काही प्रकारची सूजही तशीच दिसू शकते. आपल्याकडे टीबी आहेच, टीबीमुळेही प्रोस्टेट कडक आणि गाठीचं लागतं. त्यामुळे सगळे रस्ते शेवटी बायोप्सीकडे येतात.

बायोप्सीला लोक फार घाबरतात, सुई लावली की कॅन्सर पसरतो हे तर अगदी शिकलेली माणसंही बोलतात. त्या भीतीने तपासणी टाळण्यात सरळ नुकसान आहे, कारण लिम्फोमाच्या पेशी मुळातच अंगभर फिरणाऱ्या, आणि ट्रीटमेंटही अंगभर जाणारी असते. बायोप्सी होते ती गुदद्वारातून सोनोग्राफीच्या मदतीने किंवा हल्ली त्याच्या पुढच्या कातडीतून, सुईने बारीक दोऱ्यासारखे दहा-बारा तुकडे काढतात. लघवी तुंबलेलीच असेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन करून, म्हणजे टीयूआरपी करून, वाट मोकळी करतात आणि खरवडून निघालेले तुकडे आमच्याकडे येतात. लासलगावला ट्रॉलीतला वरचा कांदा बघून बोली लागते आणि खळ्यावर माल ओतल्यावर खाली वेगळाच निघाला की वाद होतो, सुईच्या बायोप्सीचंही तसंच आहे, जेवढं हाताला लागलं तेवढ्यावरच बोलता येतं. म्हणून माझी कळकळीची विनंती, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये निघालेले सगळेच्या सगळे तुकडे लॅबला पाठवायला सांगा, "साधंच प्रोस्टेट आहे, थोडं पाठवा, पैसे वाचतील" असं करू नका.

आणि ती बाटली. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नातेवाईकांच्याच हातात बाटली देतात, घेऊन जा लॅबला. बघून घ्या की तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडालेला आहे, झाकण घट्ट आहे, नाव बरोबर आहे. नुसत्या सलाईनमध्ये किंवा कोरडा तुकडा तासन्‌तास राहिला की पेशी सडायला लागतात आणि लिम्फोसाइट तर फारच नाजूक, चिमट्यात दाबल्या तरी चुरगाळतात, मायक्रोस्कोपखाली नुसत्या निळ्या रेघा दिसतात, कशावर बोलणार? एक अपवाद आहे, डॉक्टरला आधीच लिम्फोमाची शंका असेल आणि फ्लो सायटोमेट्री नावाची टेस्ट करायची असेल तर एक तुकडा फॉर्मॅलिन न लावता ताजाच पाठवावा लागतो, पण ते डॉक्टर आणि लॅब आधी बोलून ठरवतात, तुम्ही स्वतःच्या मनाने काही करू नका.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बायोप्सीच्या आधी स्टेरॉइड नको. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, यातलं काहीही. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी झपाट्याने मरतात, ऐकायला छान वाटतं, पेशंटलाही चार दिवस बरं वाटतं, पण मग बायोप्सीत नुसत्या मेलेल्या पेशी मिळतात, निदान लटकतं आणि आजार काही आठवड्यांत परत येतो. कुणी गावाकडे ताकदीचं इंजेक्शन म्हणून काही टोचलं असेल तर तेही युरोलॉजिस्टला सांगा, लाजू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

तुकडा आला की एक रात्र तो मशीनमध्ये प्रोसेस होतो, मग मेणात बसवून ब्लॉक करतात, मायक्रोटोमवर ३-४ मायक्रॉन जाडीची पापुद्र्यासारखी चकती कापून काचेवर घेतात आणि गुलाबी-निळा रंग देतात. पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्लाईड बघतात तेव्हा लिम्फोमा असेल तर मूळच्या ग्रंथी बाजूला सारून गोल गोल निळ्या पेशींची दाटी झालेली दिसते. पण गोल निळ्या पेशी म्हणजे लिम्फोमाच असं नाही. जुनाट सूज तशीच दिसते, स्मॉल सेल कार्सिनोमा नावाचा प्रोस्टेटचा एक वाईट प्रकार तसाच दिसतो, नेहमीचा कॅन्सर फार बिघडलेला असेल तर तोही. आणि या तिघांची ट्रीटमेंट लिम्फोमापेक्षा पूर्ण वेगळी. इथं चूक झाली तर लिम्फोमाच्या माणसाला नेहमीच्या प्रोस्टेट कॅन्सरची हार्मोनची इंजेक्शनं चालू होतील, ज्यांचा लिम्फोमावर काडीचा उपयोग नाही.

म्हणून आयएचसी. त्याच ब्लॉकमधून अजून चकत्या कापायच्या आणि प्रत्येकीवर वेगळी अँटिबॉडी टाकायची, पेशीवर ते ठराविक प्रोटीन असेल तर तपकिरी रंग येतो, नसेल तर नाही. पहिल्या फेरीत पेशीचं घराणं बघायचं: सीडी ४५ आलं तर पांढरी पेशी, सायटोकेराटिन आलं तर कार्सिनोमा, पीएसए किंवा एनकेएक्स ३.१ आलं तर प्रोस्टेटची मूळ पेशी, सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन आलं तर स्मॉल सेलकडे बोट. लिम्फोमा ठरला की दुसरी फेरी, सीडी २० आलं तर बी पेशी, सीडी ३ आलं तर टी पेशी, लिम्फोसाइटचे हे दोन मुख्य प्रकार. प्रोस्टेटमध्ये बहुतेक बी पेशींचेच असतात आणि त्यातही सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, डीएलबीसीएल. मग सीडी १०, बीसीएल ६, मम १ वरून त्याचा उपप्रकार, केआय ६७ वरून पेशी किती वेगाने वाढतायत ते. सायक्लिन डी १ आलं तर मँटल सेल, सीडी ५ आणि सीडी २३ दोन्ही आले तर स्मॉल लिम्फोसायटिक, असं करत करत नाव पक्कं होतं. कधी कधी मिक आणि बीसीएल २ या जीन्समध्ये तुटफूट आहे का बघायला फिश नावाची टेस्टही लागते, दोन्हीत असेल तर आजार जास्त आक्रमक समजतात आणि केमोही जास्त जोराची ठरू शकते.

आता कळलं ना रिपोर्टला आठ-दहा दिवस का लागतात? काउंटरवर येऊन "दोन दिवसांत देतो म्हणाले होते" म्हणून भांडणाऱ्यांवर मला राग येत नाही, घरात पेशंट असतो, पण हे दहा दिवस वाया जात नसतात. तेवढ्यात बाकीच्या तपासण्या करून घ्या.

एक वेगळाच प्रकार पण सांगून ठेवतो. नेहमीच्या कॅन्सरसाठी किंवा साध्या वाढीसाठी प्रोस्टेट काढलं आणि त्यात योगायोगाने स्मॉल लिम्फोसायटिकसारखा संथ लिम्फोमाही सापडला, असं होतं. एकाच तुकड्यात दोन आजार. घरचे हादरतात, कॅन्सर दुप्पट झाला असं वाटतं, पण हा संथ लिम्फोमा कित्येकदा वर्षानुवर्षं काहीही न करता नुसता लक्ष ठेवून सांभाळतात. रक्ताची साधी तपासणी, सीबीसी, केली तर बऱ्याचदा त्यातही पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघतात, कारण सीएलएल नावाचा रक्ताचा आजार आणि हा मुळात एकच.

पुढचा प्रश्न, हा प्रोस्टेटमध्येच सुरू झाला की दुसरीकडून आला? १९८५ साली बॉस्टविक आणि मान या दोन पॅथॉलॉजिस्टनी यासाठी अटी मांडल्या त्या अजून वापरतात: मुख्य त्रास प्रोस्टेटचाच हवा, आजार मुख्यतः प्रोस्टेटमध्येच हवा, आणि निदानाच्या वेळी व पुढचा महिनाभर लिव्हर, प्लीहा, लिम्फ नोड, रक्त यात काही सापडायला नको. बॉस्टविक यांच्याच टीमने १९९८ मध्ये ६२ केसेस छापल्या, त्यात २२ प्रोस्टेटमध्ये सुरू झालेल्या, ३० दुसरीकडून आलेल्या आणि १० चं सांगता आलं नाही. म्हणजे प्रोस्टेटमध्ये लिम्फोमा सापडला की बाकी अंग तपासायलाच हवं.

ते तपासायला पेट सीटी. नाशिकमध्ये होतं आता, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. यात ग्लुकोजसारखा पदार्थ टोचतात आणि जिथं पेशी जास्त खातात तिथं चमकतं, लिम्फोमा त्यात चांगला उजळतो. म्हणून उपाशीपोटी जावं लागतं आणि शुगर आटोक्यात हवी. प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे, तो पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतो त्यामुळे शेजारचं मूत्राशयच दिव्यासारखं पेटलेलं दिसतं आणि प्रोस्टेट झाकलं जाऊ शकतं. भरपूर पाणी पाजतात, लघवी करून यायला सांगतात, कधी पुन्हा उशिरा फोटो घेतात, ते यासाठी. आणि नेहमीच्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी पीएसएमए पेट वेगळं असतं, लिम्फोमासाठी ते नाही, वर सांगितलेलं ग्लुकोजवालं, म्हणजे एफडीजी पेट लागतं. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते सेंटरला नीट दाखवा, दोन्हींना लोक नुसतं पेट स्कॅन म्हणतात आणि घोळ होतो.

बरोबर रक्तात एलडीएच (पेशी तुटल्या की वाढणारं एन्झाइम), क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते), युरिक ॲसिड, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. हिपॅटायटिस बी का तर पुढं जे रिटक्सिमॅब नावाचं औषध देणार आहेत त्याने शरीरात झोपलेला हा व्हायरस उठू शकतो आणि लिव्हर निकामी करू शकतो, त्यामुळे जुनं इन्फेक्शन असेल तर आधीपासून गोळी चालू करतात. हृदयाची टू-डी इको, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर बोन मॅरो. वय साठच्या वर आहे का, एलडीएच वाढलंय का, पेशंट स्वतः हिंडतोफिरतो का, स्टेज कोणती, लिम्फ नोडबाहेर किती ठिकाणी आजार आहे, या पाच गोष्टींवरून धोका किती ते मोजतात.

इथून पुढे फाईल युरोलॉजिस्टकडून हिमॅटो-ऑन्कोलॉजिस्टकडे किंवा मेडिकल ऑन्कोलॉजिस्टकडे जाते आणि घरात हमखास वाद होतो. "गाठ आहे ना, मग काढून टाका की!" मोठे काका, जावई, शेजारचे निवृत्त मास्तर, सगळे हेच म्हणणार. पण लिम्फोमात प्रोस्टेट काढून काही मिळत नाही, आजार एका जागेचा दिसला तरी मुळात अंगभर फिरणाऱ्या पेशींचा आहे. ऑपरेशनचा उपयोग निदानापुरता आणि तुंबलेली लघवी मोकळी करण्यापुरता. उलट मोठं ऑपरेशन केलं तर जखम भरेपर्यंत केमो लांबते आणि लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका पदरात. हार्मोनची इंजेक्शनं, वृषण काढणं, हे सगळं नेहमीच्या प्रोस्टेट कॅन्सरचं, इथं नाही.

डीएलबीसीएल असेल तर मुख्य औषधयोजना आर-चॉप. पाच औषधांचा संच: रिटक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन. होय, तेच स्टेरॉइड जे बायोप्सीआधी नको म्हटलं, निदान झाल्यावर तेच औषध. पहिली चार सलाईनमधून, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस, आणि हे दर २१ दिवसांनी, साधारण सहा वेळा, आजार मर्यादित असेल तर कधी कमी. बहुतेकांचं डे केअरमध्ये होतं, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. रिटक्सिमॅब ही त्या सीडी २० ला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी, म्हणूनच आयएचसीमध्ये सीडी २० बघणं एवढं महत्त्वाचं. नुसत्या चॉपमध्ये रिटक्सिमॅब घातल्यावर किती फरक पडतो हे फ्रान्समधल्या अभ्यासाने २००२ मध्ये दाखवलं, ६० ते ८० वयाच्या पेशंटमध्ये आजार पूर्ण दिसेनासा होण्याचं प्रमाण ६३ वरून ७६ टक्क्यांवर गेलं. तो अभ्यास सगळ्या डीएलबीसीएलचा, फक्त प्रोस्टेटचा नाही, प्रोस्टेटच्या केसेस इतक्या कमी की त्यांचा वेगळा मोठा अभ्यास करणंच अवघड, म्हणून इतर ठिकाणच्या लिम्फोमावरूनच इथली ट्रीटमेंट ठरवतात. इंटरनेटवर प्रोस्टेट लिम्फोमाचे जे घाबरवणारे जुने आकडे दिसतात ते बहुतेक रिटक्सिमॅब यायच्या आधीच्या पेशंटचे आहेत, ते वाचून रात्री जागू नका. २००७ पासून भारतात बनलेलं रिटक्सिमॅबही मिळतंय, त्यामुळे किंमत बरीच खाली आली.

पहिल्या सायकलला थोडं सांभाळावं लागतं. पेशी एकदम मरतात, त्यांच्यातलं पोटॅशियम, युरिक ॲसिड रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो, याला ट्युमर लायसिस म्हणतात. आणि प्रोस्टेटने वाट अडवून ठेवल्यामुळे या पेशंटच्या किडन्या आधीच सुजलेल्या असू शकतात. म्हणून आधी कॅथेटरने किंवा वरून किडनीत नळी टाकून लघवी मोकळी करायची, क्रिएटिनिन खाली आणायचं, भरपूर सलाईन आणि युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल द्यायचं आणि मग केमो. पहिल्या वेळी दोन-चार दिवस ॲडमिट ठेवलं तर बिल वाढवतात असं समजू नका. चांगली बाजू अशी की केमोला साथ मिळाली तर गाठ लवकर उतरते आणि काहींचा कॅथेटर एक-दोन सायकलनंतर निघतोही.

डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लघवी लालसर होते, ते रक्त नाही. पण आधीच लघवीतून रक्त जाणारा पेशंट असेल तर घरचे घाबरतात, साहजिक आहे. दोन दिवसांनंतरही लाल राहिली किंवा गुठळ्या आल्या तर मात्र कळवायचं. हे औषध हृदयावर येतं म्हणून इको, सहा सायकलचा एकूण डोस आयुष्यभराच्या मर्यादेच्या आत बसतो, पण ज्यांचं हृदय आधीच कमजोर त्यांना वेगळं औषध निवडतात. ऐंशीच्या पुढच्यांना कमी डोसचं मिनी चॉप देतात, "वय झालंय, आता कशाला" असं घरच्यांनीच ठरवून टाकू नये. व्हिन्क्रिस्टिनने बोटांना मुंग्या येतात आणि बद्धकोष्ठ होतं, आणि पोट साफ नसलं की लघवीही अडते, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. कधी कधी व्हिन्क्रिस्टिनने थेट लघवीही तुंबते. सर्दीच्या गोळ्यांनीही प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते, मेडिकलमधून मनाने घेऊ नका. स्टेरॉइडच्या पाच दिवसांत शुगर तीनशेच्या पुढे जाऊ शकते, डायबेटिस असेल तर आधीच बोलून ठेवा. तरुण पेशंट असेल आणि पुढं मूल हवं असेल तर पहिल्या केमोच्या आधी स्पर्म बँकिंगबद्दल विचारा, आपल्याकडे हे विचारायला सगळे लाजतात आणि नंतर हळहळतात.

आणि ताप. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. पेठ, सुरगाणा, कळवण, तिकडून येणाऱ्यांनी तर त्या आठवड्यात नाशिकमध्ये पाहुण्यांकडे राहिलेलं बरं, घाटातून मध्यरात्री गाडी शोधण्यापेक्षा.

बाकी प्रकारांचं थोडक्यात. एका जागीच असलेला मार्जिनल झोन म्हणजे माल्ट लिम्फोमा कमी डोसच्या रेडिएशनवर, २४ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनचं माप) आसपास, छान आटोक्यात येतो. फॉलिक्युलर आणि स्मॉल लिम्फोसायटिकमध्ये त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं हीसुद्धा ट्रीटमेंटच. बर्किट उलट टोकाचा, फार वेगवान, त्याला ॲडमिट करून जोरदार केमो, तिथं एक-एक दिवस मोजून. आर-चॉपनंतर परत आला तर दुसरी केमो, स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट, आणि आता कार-टी, म्हणजे पेशंटच्याच टी पेशी लॅबमध्ये बदलून लिम्फोमावर सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार १९ ही भारतातच बनलेली थेरपी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली, परदेशातल्या मानाने बरीच स्वस्त, तरी खर्च लाखांत आहेच.

निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षवाले हमखास विचारतात, फवारणीमुळे झालं का? लिंडेन या कीटकनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये नॉन हॉजकिन लिम्फोमाचं (डीएलबीसीएल ज्यात येतो तो लिम्फोमाचा मोठा गट) कारण म्हणून पक्कं मान्य केलंय, ग्लायफोसेट हे तणनाशक त्याच वर्षी "बहुधा कारणीभूत" या गटात टाकलं. पण एखाद्या माणसाच्या प्रोस्टेटमधला लिम्फोमा फवारणीनेच झाला असं कुणालाही सांगता येत नाही. मास्क, हातमोजे घालून फवारा, त्याचे फायदे इतरही बरेच आहेत, बापाच्या आजाराचा दोष मात्र बागेला किंवा स्वतःला देत बसू नका.

पैशाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आणि आयुष्मानमध्ये केमोची पॅकेजेस आहेत, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण कोणतं औषध त्यात बसतं, कोणतं नाही ते केमो चालू करायच्या आधी त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून विचारून घ्या, नंतर नाही. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयातही चौकशी करा. परळला टाटाला दाखवायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन चालत नाही, ते स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक मागतात, स्वतः तपासून बघतात. ब्लॉक मागायला लॅबमध्ये संकोचू नका, तुमच्याच माणसाचे आहेत, सही करून देतात. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका, मेण वितळतं, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. आणि पंचवटी एक्स्प्रेसच्या गर्दीत ती डबी पँटच्या मागच्या खिशात तर अजिबात नको.

केमो संपल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पेट सीटी. त्यात डोव्हिल स्कोअर असतो, १ ते ५, पैकी १, २, ३ म्हणजे बहुतेक वेळा आजार विझलेला. फार लवकर केलं तर नुसती सूजही चमकते आणि उगाच घाबरगुंडी, म्हणून सांगितलेल्या तारखेलाच. नंतर दोन वर्षं तीन-तीन महिन्यांनी वगैरे भेट, डीएलबीसीएल परत आला तर बहुतेक याच काळात येतो. युरोलॉजिस्टला सोडू नका, लिम्फोमा गेला तरी वयाने वाढलेलं प्रोस्टेट तिथंच असतं, टॅमसुलोसिन पुढं चालू ठेवावी लागू शकते. आणि पीएसएही मधूनमधून करायचा, लिम्फोमा होऊन गेलेल्या माणसाला नेहमीचा प्रोस्टेट कॅन्सर होत नाही असं थोडंच आहे, त्याच्यासाठी ती टेस्ट कामाचीच आहे.